हिशेबाबाहेरची हवा

जुनी गाडी कशी आहे हे ती पळताना कळत नाही, उभी राहिल्यावर कळतं. हायवेला ऐंशीने जाते, कसारा चढते, कुठे तक्रार नाही. पण सिग्नलला लाल दिवा लागला की बॉनेट थरथरायला लागतं, आरशात मागच्या एका रिक्षाच्या दोन दिसू लागतात आणि चालवणाऱ्याच्या उजव्या पायाची कसरत सुरू होते : चवडा ब्रेकवर, टाचेची कड अ‍ॅक्सिलरेटरवर. रेस सोडली की गाडी बंद. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत मागच्या सीटवर बसलेल्या कुणालाही ही कसरत ओळखीची असेल.

मग गॅरेज. मिस्त्री बॉनेट उघडतात, एअर फिल्टरचं झाकण काढतात, हाताने दोन-तीनदा रेस देतात आणि निकाल सांगतात, "कार्बोरेटर खोलायला लागेल, साहेब." कार्बोरेटर पेट्रोलने धुतला जातो, जेटमधून हवा मारली जाते, प्लग घासले जातात, आयडलिंगचा स्क्रू अर्धा आटा आत जातो. गाडी काही दिवस बरी चालते. मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला कॉइल बदलते, तिसऱ्या खेपेला पेट्रोल पंप, आणि चौथ्या खेपेला "आता इंजिनच थकलंय" हे ऐकून मालक गाडी विकायच्या विचाराला लागतो. एवढं होऊन खरं कारण पुष्कळदा निघतं ते मॅनिफोल्डवरच्या बोटभर रबरी नळीला गेलेली चीर.

गॅरेजात याला "इंजिन हवा घेतंय" म्हणतात, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये व्हॅक्यूम लीक. कारण इतकं स्वस्त आणि चुकीचा इलाज इतका महाग, अशी जोडी जुन्या पेट्रोल गाड्यांच्या दुखण्यांत क्वचितच दुसरी असेल. ही गळती बुजवणं अवघड नाही. अवघड आहे ते तिला शोधणं, आणि आपल्या गॅरेजांच्या हिशेबात शोधण्याच्या कामाला जवळजवळ किंमतच नाही.

मोजून घेतलेली हवा

पेट्रोल इंजिन मुख्यतः हवा खातं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हलकं आणि हवा त्याहून कितीतरी विरळ, म्हणून आकारमानात हा आकडा चकित करतो : एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. कार्बोरेटरचं सगळं कसब या प्रमाणात आहे. आत येणारी हवा त्याच्या निमुळत्या गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जितकी हवा गेली त्या मानाने जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. कार्बोरेटर पेट्रोल देतो ते स्वतःच्या गळ्यातून गेलेल्या हवेपुरतं. दुसऱ्या वाटेने आलेली हवा त्याला दिसत नाही.

ही दुसरी वाट तयार होते ती थ्रॉटलच्या पुढे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते, पण पिस्टन खाली-वर होतच असतात. ते हवा मागतात आणि दार बंद असतं. त्यामुळे थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंतच्या वाटेत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उतरतो. व्हॅक्यूम ओढतो असं आपण बोलतो खरं. प्रत्यक्षात बाहेरचं वातावरण आत ढकलत असतं, आणि कुठे फट मिळाली की तिथून घुसतं. वातावरणाचा हा रेटा किती असतो ते ओटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाने सतराव्या शतकातच दाखवलं होतं. त्याने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली, आणि दोन्ही बाजूंना जुंपलेल्या घोड्यांनाही ते वेगळे करणं जड गेलं. आपल्या मॅनिफोल्डमध्ये तेवढी पोकळी नसते. पण रबराच्या सुकलेल्या नळीला आणि भाजलेल्या पॅकिंगला एवढा रेटाही पुरतो.

छोट्या भोकाने एवढा गोंधळ कसा होतो, हे आकड्यांत पाहू. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं. उभ्या गाडीत ते मिनिटाला ८०० फेरे घेतं असं धरलं तर मिनिटाला चारशेवर लिटरची जागा हवेसाठी मोकळी होते. आत दाब तिसऱ्या हिश्शाएवढाच असल्याने बाहेरच्या हवेच्या मापाने ते भरतात सुमारे दीडशे लिटर. आता मॅनिफोल्डला दोन मिलिमीटरचं भोक पडलं आहे असं समजा, म्हणजे जाड दाभणाने पाडल्याएवढं. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून कमी असला की भोकातून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. चालू इंजिनाशेजारी बारीक "सूंऽऽ" ऐकू येतं ते हेच. एवढ्या भोकातून मिनिटाला ढोबळ मानाने पंचवीस लिटर हवा शिरते. म्हणजे दीडशे लिटरच्या खात्यात पंचवीस लिटर अशी, जिच्याबरोबर पेट्रोलचा थेंब आला नाही.

गाडी पळताना तक्रार का नसते, हेही याच गणितात आहे. चार हजार फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मिनिटाला दीड हजार लिटरहून अधिक हवा घेतं. शिवाय थ्रॉटल उघडल्याने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो आणि भोकातून येणारी हवा आणखी कमी होते. पंचवीस लिटरची चोरी तिथे हिशेबातही धरली जात नाही. हायवेला शहाणी आणि सिग्नलला वेडी, अशी गाडी आली की संशयाचं पहिलं बोट हवेकडे जायला हवं.

दुसरी गोष्ट जागेची. भोक कार्बोरेटरच्या बुडाशी असेल तर जास्तीची हवा चारही सिलिंडरांत वाटली जाते आणि सगळं इंजिन थोडं अशक्त होतं. तेच भोक मॅनिफोल्डच्या एका फाट्यावर, एका सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर सगळी पंचवीस लिटर हवा त्या एकाच सिलिंडरच्या पदरात पडते. त्याच्या वाट्याला मुळात होती सदतीस लिटर. इतकं पातळ मिश्रण पेट घेत नाही, मग इंजिन मिसिंग मारतं आणि दोष प्लगवर जातो. प्लग काढून रांगेत ठेवले तर ही गोष्ट लख्ख दिसते : तीन तपकिरी आणि एक पांढरा फटक.

नळ्या वाढत गेल्या

मॅनिफोल्डमधला हा कमी दाब फुकटची ताकद आहे हे मोटारी बनवणाऱ्यांच्या फार लवकर लक्षात आलं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकी गाड्यांचे वायपर विजेवर चालत नसत, मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालत. त्यात एक मोठी खोट होती. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडणार, व्हॅक्यूम पडणार आणि वायपर मंदावणार. बोरघाटात आषाढातल्या पावसात अशी गाडी चढवायची तर काच दिसण्यासाठी मधूनमधून पाय सैल करावा लागे. म्हणजे व्हॅक्यूम कधी असतो आणि कधी नसतो, याचा धडा चालकाला काचेवरच मिळत होता.

वायपर विजेवर गेले, पण नळ्या कमी झाल्या नाहीत. डिस्ट्रिब्युटरचा टाइम पुढे-मागे करणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स आला, क्रँककेसमधला धूर परत इंजिनात नेणारी नळी आली, ब्रेकचा पेडल हलका करणारा बूस्टर आला, पुढे प्रदूषणाच्या नियमांमागोमाग आणखी झडपा आणि आणखी नळ्या आल्या. प्रत्येक नळीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक जोड. रबर इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून निघतं, आधी ताठ होतं, मग तोंडाशी चिरतं. तीस वर्षांच्या गाडीत हे होणारच. प्रश्न फक्त कुठल्या नळीचं आधी होणार एवढाच.

काही जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बॅकेलाइटचा किंवा फायबरचा जाड तुकडा असतो. इंजिनची धग कार्बोरेटरला लागू नये म्हणून तो बसवलेला असतो. त्याच्या वर एक पॅकिंग, खाली एक पॅकिंग. कार्बोरेटर दर खेपेला खोलायचा आणि जुनंच पॅकिंग परत लावायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता. मग हवा येते, म्हणून नट आणखी कसायचे. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, मऊ. जास्त कसल्याने तिचे दोन्ही कान खाली वाकतात, मधला भाग उचलला जातो आणि फट वाढते. जितकं कसाल तितकी हवा घेणार. हवा घेते म्हणून खोलला आणि खोलला म्हणून हवा घेते, असं हे चक्र आहे.

दुसरी जागा थ्रॉटलचा स्पिंडल. चकती ज्या दांडीवर फिरते ती दांडी मऊ बॉडीत लाखो वेळा फिरून भोक अंडाकृती करते. शहरात दिवसभर क्लच-ब्रेक करणाऱ्या टॅक्सीत हे लवकर होतं. अंगठ्याने स्पिंडल वर-खाली हलवला आणि तो खटखटला तर तिथून हवा जाते हे निश्चित. नवीन पॅकिंग, नवीन नळ्या, नवीन जेट यांतलं काहीही त्यावर चालत नाही.

तिसरी जागा मॅनिफोल्डचं पॅकिंग. अ‍ॅम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं बीएमसी इंजिन इथे फार बोलकं आहे. त्यात हवा आत जाण्याचा आणि धूर बाहेर पडण्याचा मॅनिफोल्ड दोन्ही एकाच अंगाला आहेत, एकाच पॅकिंगवर बसलेले. एका अंगाने थंड मिश्रण जातं, शेजारून शेकडो अंशांचा धूर. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम आपापल्या मापाने फुगतात-आकसतात आणि मधलं पॅकिंग रगडलं जातं. शिवाय या इंजिनात चार सिलिंडरना हवा द्यायला हेडमध्ये तोंडं दोनच आहेत, शेजारच्या जोडीला मिळून एक. म्हणून अ‍ॅम्बेसेडरमध्ये पांढरे प्लग जोडीने निघतात, एक-दोन किंवा तीन-चार. असं दिसलं की कार्बोरेटरला हात लावायचा नाही, त्या जोडीच्या तोंडाशी पाहायचं.

शोधाचा क्रम

हवा शोधायचे उपाय पुष्कळ आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा : आधी फुकटचा, मग स्वस्त, मग महाग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कळत नाही, आणि पुन्हा बिघडली की पुन्हा चारही बदलाव्या लागतात.

पहिला उपाय चोकचा. इंजिन गरम झाल्यावर ते थरथरत असताना चोक थोडा ओढायचा. चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल. गरम इंजिन चोकने गुदमरायला हवं. ते उलट शांत झालं, तर त्याला पेट्रोल कमी पडत होतं किंवा हवा जास्त होत होती. मिक्श्चरचा स्क्रू फिरवून इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर संशय आणखी पक्का.

दुसरा उपाय कानाचा. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं टोक पंख्यापासून जपून एकेका जोडावरून हळू फिरवायचं. इंजिनच्या गोंगाटात हरवलेली ती बारीक शीळ नळीत स्वच्छ ऐकू येते.

तिसरा उपाय चिमट्याचा. इंजिन चालू ठेवून एकेक व्हॅक्यूम नळी पक्कडीने अलगद दाबायची, दात लागू नयेत म्हणून पक्कडीला चिंधी गुंडाळून. जी नळी दाबल्यावर इंजिन सुधारलं, तिच्या पलीकडे चोर आहे. ब्रेक बूस्टरची जाड नळी या परीक्षेतून सुटू देऊ नये. बूस्टरची आणखी एक घरगुती तपासणी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचा, कडक झाला की तसाच दाबून धरायचा आणि इंजिन चालू करायचं. पेडल थोडा खाली बसायला हवा. बसला नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाही किंवा त्याचा पडदा फाटला आहे. पेडल दाबल्यावर पायाशी फुसकारा ऐकू आला आणि इंजिन डगमगलं, तरी तेच. तिथे प्रश्न आयडलिंगचा राहत नाही, गाडी थांबण्याचा होतो.

चौथा उपाय व्हॅक्यूम गेज. मॅनिफोल्डच्या एखाद्या तोंडाला जोडायचं हे साधं घड्याळ पाऱ्याच्या इंचांत आकडा दाखवतं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन उभ्या गाडीत १७ ते २१ इंचांवर काटा स्थिर धरतं. काटा स्थिर पण खाली, बारा-पंधरावर असेल, तर मॅनिफोल्डकडे हवा शिरते आहे किंवा इग्निशनचा टाइम मागे आहे. ठरावीक अंतराने काटा एकदम पडत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह. रेस धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर तुंबलेला. हा आकडा वाचताना आपण कुठे उभे आहोत हे मात्र लक्षात ठेवायचं. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो. मुंबईत १९ दाखवणारं इंजिन पुण्यात, सुमारे ५६० मीटरवर, १७ दाखवेल आणि महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर, साडेचौदाच्या आसपास. त्यात गाडीचा काही दोष नाही. मॅन्युअल समुद्रसपाटीवरचं, गॅरेज घाटमाथ्यावरचं. मधली वजाबाकी मिस्त्रींनी करायची.

पाचवा उपाय फवाऱ्याचा, आणि इथे सांभाळायचं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा संशयित जोडावर मारला आणि फेरे वाढले किंवा इंजिन स्थिर झालं, की जागा सापडली. तो फवारा आत ओढला जाऊन जळला. पण तोच फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा जुन्या प्लग वायरच्या ठिणगीवर पडला तर बॉनेटखाली आग. सिरिंजमध्ये पेट्रोल घेऊन थेंब टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती तर सोडूनच द्यावी. साबणाच्या पाण्याचा बारीक फवाराही काम करतो. फटीवर पाणी बसलं की क्षणभर हवा अडते आणि इंजिनचा सूर बदलतो. एवढंच की गरम बिडावर पाणी ओतायचं नाही, आणि डिस्ट्रिब्युटर झाकून ठेवायचा.

शेवटचा आणि सर्वांत नेमका उपाय धुराचा. इंजिन बंद ठेवून, हवा येण्याची वाट बुजवून मॅनिफोल्डमध्ये तेलाचा पांढरा धूर अगदी हलक्या दाबाने, एक पीएसआयच्या आतबाहेर, सोडायचा. चाकात तीस पीएसआय असतात म्हणजे हा दाब फुंकरीएवढाच. धूर जिथून बाहेर येईल तिथे गळती. एरवी दिसत नाहीत अशा मॅनिफोल्डखालच्या चिरा, नळीच्या आतल्या बाजूचे काप या यंत्राने समोर येतात. स्पिंडलपाशी थोडा धूर नव्या गाडीतही निघतो, म्हणून निघाला का यापेक्षा किती निघाला हे पाहायचं.

बुजवण्याचं काम

जागा सापडली की काम सोपं, पण ते नीट करावं लागतं. नळी बदलायची तर त्याच आतल्या मापाची, व्हॅक्यूमसाठीच बनलेली. पेट्रोलची किंवा पाण्याची मऊ नळी कापून लावली तर इंजिन चालू झाल्यावर ती आतून चपटी होते आणि नवीनच दुखणं सुरू होतं. न वापरलेल्या तोंडांवरच्या रबरी टोप्यांकडे कुणी पाहत नाही. तेवढ्याने काम भागत असेल तर खर्च चहाएवढा.

वाकलेली बॉडी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासायची, सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून पाहायचं, पुन्हा घासायचं. पॅकिंग बाजारात मिळालं नाही तर शीटवर बॉडी ठेवून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी कडेकडेने कापून काढण्याची आपल्याकडची जुनी हातोटी आहे, आणि चांगल्या शीटवर ती आजही चोख चालते. पॅकिंगला सिलिकॉनचं सीलंट फासणं मात्र टाळावं. पेट्रोलने ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे थेट इंजिनात जातात. मॅनिफोल्डचे नट थंड इंजिनावर, मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत कसायचे. एका टोकापासून सुरुवात केली की दुसरं टोक उचललं जातं.

झिजलेल्या स्पिंडलला लेथवाल्याकडेच जावं लागतं. बॉडीचं भोक रीमरने गोल करून त्यात पितळी बुश बसवायचा आणि दांडीला मापाची फिरत द्यायची. कोल्हापूरचं उद्यमनगर असो की कुर्ल्याच्या सीएसटी रोडलगतच्या गल्ल्या, असं बारीक काम करणारे हात अजून आहेत. पण एवढ्याशा कामासाठी लेथ लावायला ते नाखूश असतात, कारण वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला दर सांगितला की तो म्हणतो, "एवढ्यात तर नवा कार्बोरेटर येईल." येतो खरा. पण त्या पैशात मिळणारा नवा माल अनेकदा नकली निघतो, आणि त्याचा स्पिंडल पहिल्या दिवशीच सैल असतो.

सगळ्यात शेवटी ट्यूनिंग. गळती बुजल्यावर आधीचं ट्यूनिंग चुकीचं ठरतं, कारण ते गळतीच्या मापाने केलेलं होतं. नेमकी हीच पायरी राहून जाते. गळती असताना कुणीतरी पेट्रोल वाढवून आणि रेस चढवून आयडलिंग "बसवलेलं" असतं. आता हवा बंद झाली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, की इंजिन काळा धूर सोडतं, प्लग काजळतात, आणि "नवीन पॅकिंग लावल्यावरच बिघडली" असा उलटा निष्कर्ष निघतो. पीयूसीच्या यंत्रावर हा खेळ स्वच्छ दिसतो. जुन्या पेट्रोल गाडीला उभ्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. पेट्रोल वाढवून गळती झाकली की हा आकडा चढतो, झाकली नाही तर न जळलेल्या हायड्रोकार्बनचा चढतो. दोन्ही आकडे एकदम खाली आणायचा मार्ग गळती बुजवणं हाच.

गळतीकडे दुर्लक्ष केलं तर नुसती थरथर सोसून भागत नाही. पातळ मिश्रण सावकाश आणि उष्ण जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. चढावर इंजिन ठोके द्यायला लागतं. काही रुपयांची नळी टाळली की बिल हेड उतरवण्याचं येतं.

उसाचं पेट्रोल, जुनं जेट

या जुन्या दुखण्याला अलीकडे नवा जोडीदार मिळाला आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ वर ओढण्यात आलं आणि आता पंपावर मिळतं ते बहुतेक हेच मिश्रण. महाराष्ट्राला हे परकं नाही. आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून यातलं बरंचसं इथेनॉल जातं. पण इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो. एक किलो इथेनॉल जळायला जेमतेम नऊ किलो हवा लागते. वीस टक्के मिश्रणाचं प्रमाण त्यामुळे १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. नवीन गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेत पाडलेलं भोक. त्याला कुणी काही कळवत नाही. तेच जेट, तीच हवा, आणि मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ.

निरोगी जुनं इंजिन एवढं सोसतं. पण ज्याच्या स्पिंडलमधून आणि पॅकिंगमधून आधीच थोडी हवा जात होती, जे काठावर चालत होतं, ते यामुळे काठाच्या पलीकडे जातं. "नव्या पेट्रोलने गाडी बिघडली" अशी तक्रार करणाऱ्या मालकाचं म्हणणं अर्धं खरं असतं. इथेनॉलमुळे गळती उघडी पडली, ती आधीपासून होतीच. जेट एक माप मोठं करण्याआधी हवा तपासली पाहिजे, नाहीतर पुन्हा झाकपाकच. इथेनॉल जुन्या रबरालाही मानवत नाही. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचे पडदे हे सगळं एकदा बदलून घ्यावं. तिथली गळती आत हवा घेत नाही, बाहेर पेट्रोल टाकते, आणि ती जास्त घातक.

एमपीएफआयच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या, पहिल्या पिढीतल्या गाड्याही आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. त्यांची लक्षणं वेगळी. ज्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असतो, तिथे त्याच्या पुढे शिरलेली हवा कार्बोरेटरसारखीच न मोजलेली राहते. संगणक ऑक्सिजन सेन्सरवरून चूक ओळखतो आणि पेट्रोल वाढवत जातो. स्कॅनरवर उभ्या गाडीत ही वाढ वीस टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांवर पाच टक्के दिसली, तर निदान झालंच : आधी पाहिलेलं दीडशे आणि पंचवीस लिटरचं गणित इथे पडद्यावर दिसतं. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा अंदाज घेतात, तिथे शिरलेली हवाही दाबात मोजली जाते. मिश्रण फारसं बिघडत नाही, फक्त आयडलिंग वर चढून बसतं. तिथे रेस कमी करायला स्क्रू शोधत बसण्यात अर्थ नसतो.

शोधण्याचे पैसे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे आणि पुढे पद्मिनी रस्त्यावर आल्या आणि त्यांच्याभोवती मिस्त्रींच्या पिढ्या तयार झाल्या. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाल्यावर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निघून गेली. ज्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या दारात. पद्मिनी या नावाने निघालेल्या पहिल्या गाड्या पन्नाशी ओलांडत आहेत, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे या गाड्या आणखी बराच काळ चालणार. त्यांना चालवणारे हात किती काळ राहतात, हे मात्र त्या हातांना कशाचे पैसे मिळतात यावर ठरणार आहे.

आपल्याकडे पैसे मिळतात ते बदललेल्या पार्टचे. पिशवीतून जुनी कॉइल परत आली, हातात नव्या कॉइलचं खोकं पडलं, की मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. दोन तास नळी कानाला लावून, एकेक जोड दाबून, शेवटी एक रबरी टोपी बदलणाऱ्या मिस्त्रीने पाचशे रुपये सांगितले तर तोच मालक म्हणतो, "एका टोपीचे पाचशे?" मिस्त्री दुसऱ्या वेळी शहाणा होतो. तो कार्बोरेटर धुतो, कॉइल बदलतो, हिशेब पार्टवर लावतो. मालक खूश, गाडी तशीच. टॅक्सीच्या काळात तर गाडी उभी राहणं म्हणजे दिवसाचा धंदा बुडणं, तेव्हा शोधायला वेळ द्यायलाही कुणी तयार नसे. स्क्रू फिरवा, रेस चढवा, चला. गळती झाकण्याचं तंत्र त्या घाईत पक्कं झालं आणि शोधण्याचं तंत्र मागे राहिलं.

हे बदलायला फार काही लागत नाही. गाडी गॅरेजात देताना "ट्यूनिंग करा" असं सांगू नये; "गरम झाल्यावर, उभी असताना थरथरते, चोक ओढला की सुधारते" असं लक्षण सांगावं. प्लग काढले तर क्रमाने ठेवून दाखवायला सांगावेत. काहीही बदलण्याआधी व्हॅक्यूमचा आकडा काय होता आणि नंतर काय झाला, हे बिलाच्या मागे लिहून घ्यावं. आणि एखाद्या मिस्त्रींनी बिलात पार्टचे चाळीस रुपये आणि खाली "हवा शोधण्याचे" पाचशे लिहिले, तर घासाघीस न करता द्यावेत, आणि त्यांचा नंबर जपून ठेवावा.